हिराताईंचा राग

कोणी एखाद्या मुलासमोर त्या मुलाबद्दल वाईट बोललं, की हिराताई हातातलं काम खाली ठेवायच्या आणि म्हणायच्या, "आता हेच त्याच्याकडे बघून बोला." मग थांबायच्या. समोरचा माणूस हसायचा, विषय बदलायचा, घड्याळाकडे बघायचा. हिराताई थांबलेल्याच असायच्या.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेही असंच. सत्त्याऐंशी साल. बाळकुमची एक प्राथमिक शाळा, मुख्याध्यापकांची खोली. मी बावीस वर्षांची, डोंबिवलीहून आलेली, नोकरीचा पहिला दिवस. सात वर्षांच्या एका मुलीच्या डोक्यावर हात ठेवून मुख्याध्यापक आम्हाला सांगत होते, "ही भारती. डोक्याने कमी आहे. हिच्यावर वेळ घालवू नका."

"सर, तिच्याकडे बघून बोला," हिराताई म्हणाल्या.

सर माझ्याकडे बघून हसले. त्यांना ती थट्टा वाटली. हिराताई थांबलेल्याच होत्या. शेवटी त्यांनी मुलीच्या डोक्यावरचा हात काढला आणि उगाचच शिपायाला हाक मारली. बाहेर आल्यावर हिराताई मला म्हणाल्या, "बघितलंस ना? जे तोंडावर बोलायची लाज वाटते, ते फायलीत लिहायची वाटत नाही यांना."

ठाण्यातल्या एका संस्थेत आमची नोकरी होती. हुद्दा 'वाचा-सहायक'. शाळाशाळांत जायचं, बोलताना अडखळणारी, अक्षरं गिळणारी, टाळू फाटलेली मुलं शोधायची आणि त्यांच्याकडून सराव करून घ्यायचा. मुंबईहून महिन्यातून एकदा तज्ज्ञ बाई येत. त्या सांगतील तेवढंच आम्ही करायचं, असा नियम होता.

हिराताई मूळ बाळकुमच्याच, आगरी घरातल्या. वडील मिठागरावर कामाला होते. हिराताई दहावी झालेल्या. लग्न मोडून माहेरी आल्या आणि संस्थेत आया म्हणून लागल्या. मुलांना आत न्यायचं, बाहेर आणायचं, एवढंच काम. पण आत चाललेलं सगळं त्यांनी दाराशी उभं राहून शिकून घेतलं. तज्ज्ञ बाईंसमोर दातखीळ बसल्यासारखी गप्प राहणारी मुलं बाहेरच्या बाकावर हिराताईंशी बोलायला लागली, तेव्हा संस्थेने त्यांना सहायक केलं. तेही मेहेरबानी केल्यासारखं. हजेरीपटावर त्यांचं नाव शिपायाच्याही खाली होतं. सही करताना त्या ते रोज बघायच्या आणि पेन जरा जोरातच दाबायच्या.

काम करताना मात्र हा राग कुठे जायचा कोण जाणे. मुलाला मांडीशी घेऊन बसायच्या, समोर छोटा आरसा. जीभ कुठे लागली पाहिजे ते सांगत बसायच्या नाहीत, दातांच्या मागे बोटाने गुळाचा कण लावायच्या. "चाट. आता तिथंच जीभ ठेवून बोल." कागदाची पट्टी ओठांसमोर धरून 'प' म्हणायला लावायच्या. पट्टी उडाली की त्या मुलाइतक्याच खूश व्हायच्या. मुलाला जमलं नाही तर म्हणायच्या, "तुझं नाही चुकलं. मलाच नीट दाखवता आलं नाही." शिकलेल्या कुठल्याच माणसाकडून मी हे वाक्य ऐकलं नव्हतं.

त्याच वर्षी संस्थेला एक योजना मिळाली. पहिली ते चौथीच्या सगळ्या मुलांची बोलण्याची तपासणी. तज्ज्ञ बाईंनी चित्रांची कार्डं दिली. मुलाला चित्र दाखवायचं, त्याने नाव सांगायचं, मी फॉर्मवर बरोबर किंवा चूक अशी खूण करायची. घोडा, गाडी, शाळा, बाण.

पहिलाच मुलगा म्हणाला, "घोरा." पुढे "गारी", "शाला", "बान". मी चार फुल्या मारल्या.

"काय करतेस?" हिराताईंनी विचारलं.

"ड नाही येत त्याला. ळ नाही, ण नाही."

"सुधा, अगं, तो बरोबर बोलतोय. आमच्या घरात घोराच म्हणतात. त्याच्या आईला विचार, आजीला विचार, मला विचार. माझी जीभ काय वाकडी आहे?"

"पण फॉर्मवर तसा रकाना नाहीये, हिराताई."

"मग फॉर्म चुकलाय. पोराला कशाला फुली मारतेस?"

 आमच्या घरी जेवताना एखादा ण चुकला तरी आई घास थांबवायला लावायची. मला ती मुलं खरोखरच चुकीची वाटत होती. मी फुल्या मारत गेले. हिराताई शेजारी बसून प्रत्येक फुलीगणिक लाल होत गेल्या. संध्याकाळपर्यंत गावातली अर्ध्याहून जास्त मुलं 'वाचादोष' या सदरात गेली. भारतीने तर एकाही चित्राचं नाव सांगितलं नाही. ती नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिच्या फॉर्मवर मी 'मंदबुद्धी, पुढील तपासणी आवश्यक' असं लिहिलं. अक्षर छान होतं माझं.

यादी शाळेत पोचली आणि मुख्याध्यापकांना आयतंच हत्यार मिळालं. त्यांनी यादीतली सगळी मुलं उचलून सामानाच्या खोलीशेजारच्या अंधाऱ्या खोलीत बसवली. त्या वर्गाला शिक्षक नव्हता. अ, ब, क तुकड्या आधीच होत्या, म्हणून याला 'ड' तुकडी म्हणायचं ठरलं. ज्यांना ड येत नाही असं आम्ही लिहून दिलं, ती मुलं ड तुकडीत. मुलं आपली सांगायची, "आमी र तुकरीन हाव."

हिराताई रोज त्या खोलीत जाऊन बसायला लागल्या. एक दिवस त्यांच्या हातून डब्याचं झाकण फरशीवर पडलं. मुलं दचकली. फक्त भारती पाटीवर फुलं काढत राहिली. हिराताईंनी झाकण उचललं आणि तिच्या पाठीमागे जाऊन मुद्दाम पुन्हा टाकलं. भारतीने मान वळवली नाही. मग त्या तिच्या समोर आल्या आणि आवाज न करता नुसते ओठ हलवून म्हणाल्या, "काय काढला गो बाय?" भारतीने पाटी उचलून दाखवली.

"हिला ऐकू येत नाही," हिराताई मला म्हणाल्या.  "दोन वर्षं शाळेत आहे. मास्तरांनी पाहिली, मुख्याध्यापकांनी पाहिली, तू पाहिलीस. तपासून बघितलं का कोणी, हिला ऐकू येतं का ते?"

तज्ज्ञ बाईंना कळवलं तर उत्तर आलं, पुढच्या भेटीत बघू. हिराताईंनी रजा टाकली. भारतीला आणि तिच्या आईला घेऊन मुंबईच्या सरकारी इस्पितळात गेल्या. तिथे कान तपासले. एक कान जवळजवळ बंद, दुसऱ्यात थोडं शिल्लक. श्रवणयंत्र लावलं तर मुलगी बोलू शकेल असं डॉक्टरांनी लिहून दिलं. यंत्रासाठी शाळेचं पत्र हवं होतं. मुख्याध्यापक म्हणाले, "यादी वर गेलीय. त्यात मंदबुद्धी लिहिलंय. मी आता बहिरी कसं लिहू?" आणि परवानगीशिवाय मुलीला नेल्याची तक्रार त्यांनी संस्थेकडे केली.

तज्ज्ञ बाई तातडीने शाळेत आल्या. वर्गातच, मुलांदेखत, त्यांनी हिराताईंना सुनावलं. "तुम्ही सहायक आहात. निदान करणं तुमचं काम नाही. आणि या मुलांचे उच्चार अशुद्धच आहेत, त्यात वाद नाही."

हिराताईंनी मुलांकडून तीन पाट्या घेतल्या आणि तज्ज्ञ बाईंसमोर धरल्या. "बाई, ही नावं सांगा."

पहिल्या पाटीवर खाडीच्या चिखलात पळणाऱ्या निवटी माशाचं चित्र होतं. बाई म्हणाल्या, "बेडूक?" वर्ग हसला. दुसऱ्या पाटीवर खुबे होते, खाडीतले गोल शिंपले. बाई म्हणाल्या, "दगड आहेत का हे?" तिसऱ्या पाटीवर पाग होता, पाण्यात फेकायचं जाळं. बाईंनी ती पाटी बघितलीच नाही.

"तिन्ही चुकलं," हिराताई म्हणाल्या. "आता आमच्या पोरांनी तुम्हाला कुठल्या तुकडीत बसवायचं?"

बाई मुख्याध्यापकांच्या खोलीकडे निघून गेल्या. मी खाली बघत होते.

आठवड्याभरात चौकशी लागली. संस्थेच्या चिटणिसांनी मला बोलावलं. एक कागद तयारच होता. त्यात लिहिलं होतं की हिराताईंनी तपासणीत अडथळा आणला आणि मुलांना उत्तरं फोडली. चिटणीस म्हणाले, "तुला कायम करायचा विषय याच महिन्यात आहे. वाच आणि सही कर." हिराताईंनी कधीच उत्तर फोडलं नव्हतं. हे माझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. मी वाचलं आणि सही केली.

हिराताईंना काढलं. मला कायम केलं.

जाताना त्या मला काही बोलल्या नाहीत. मला वाटलं होतं त्या ओरडतील. मग मला निदान रडता आलं असतं. त्यांनी आरसा पिशवीत टाकला आणि निघून गेल्या. पुढच्या सोमवारी गावातल्या बायका शाळेत आल्या. आरडाओरडा केला नाही. आपापलं मूल हाताला धरून मूळच्या वर्गात नेऊन बसवलं आणि दुपारपर्यंत दारात उभ्या राहिल्या. ड तुकडी त्या दिवशी संपली. भारतीच्या यंत्राला मात्र आणखी वर्ष गेलं. ते वर्ष माझ्या सुंदर अक्षराने खाल्लं.

नंतर हिराताई घरच्या ओटीवर मुलांना शिकवत राहिल्या. बातम्या माझ्यापर्यंत यायच्या. जायचं धाडस व्हायला मला नऊ वर्षं लागली. शहाण्णव साली मी संस्थेला एक पत्र लिहिलं आणि टाकण्याआधी त्यांना दाखवायला बाळकुमला गेले. शेतांच्या जागी इमारतींचे खांब उभे राहत होते. हिराताई दम्याने थकल्या होत्या, पण मला बघून त्यांच्या कपाळावर जी आठी आली, ती जुनीच होती.

"वाच," त्या म्हणाल्या.

मी वाचलं, "त्या वेळी गैरसमजातून माझ्याकडून त्या निवेदनावर सही झाली."

"थांब. सही झाली?"

"हो."

"सही आपोआप होते काय गं? इतकी वर्षं पोरांना बोलायला शिकवतेस आणि स्वतःला एवढं बोलता येत नाही? 'मी सही केली' असं लिही."

मी खोडून लिहिलं.

"आणि गैरसमज नव्हता. तुला सगळं माहीत होतं. ते खोटं होतं. खोटं असं लिही."

माझा हात थांबला. मी म्हटलं, "हिराताई, मला माफ करा."

"ते मागून बघू. आधी कागद नीट कर."

मी गैरसमज खोडलं आणि त्यावर खोटं लिहिलं. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि भावजयीला माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितलं. माफ केलं असं त्या बोलल्या नाहीत. संस्थेने उत्तर पाठवलं की प्रकरण जुनं आहे, संबंधित कागद आता उपलब्ध नाहीत. मी ते त्यांना वाचून दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "कागद गेले. पोरांची वरसं कुठं गेली ते विचार त्यांना." मी विचारलं. त्या पत्राला उत्तरच आलं नाही. पुढच्या थंडीत हिराताई गेल्या.

आता नव्या मुली माझ्या हाताखाली शिकायला येतात. त्यांना मी आधी मुलांच्या आयांजवळ बसवते. या घरात कशाला काय म्हणतात ते लिहून घ्या, मग मुलाच्या फॉर्मला हात लावा, असं सांगते. का, असं विचारतात तेव्हा हिराताईंची ही सगळी हकीकत सांगते, माझ्या सहीसकट. परवा एक मुलगी डोळे पुसत म्हणाली, "किती प्रेमळ होत्या ना त्या!"

मी म्हटलं, "रागीट होत्या. आणि त्यांचा राग बरोबर होता. हे आधी लिहून घे."