भागोजीचा मिटलेला दंड

हायस्कुलात शिपाई म्हणून चिकटला तेव्हा भागोजी शिगवण तिशीचा होता. साल त्र्याऐंशी. पुढे कायम व्हायला चारच महिने उरले होते, आणि शाळेत पोलिसांचा पडताळणीचा कागद आला.

गोष्ट एकाहत्तरच्या शिमग्यातली. होळीचं झाड न विचारता तोडून आणायचं, मालकानं दोन दिवस शिव्या द्यायच्या नि तिसऱ्या दिवशी स्वतःच होळीला नारळ घेऊन यायचं, ही गावची रीत. पण त्या वर्षीचा आंबा मुंबईहून आलेल्या एका पेन्शनराच्या नव्या जागेतला. त्याला रीत कुठली ठाऊक! त्यानं फिर्याद दिली. झाडाला हात वीस जणांचे होते, पण फौजदारानं विचारल्यावर भागोजीच पुढे झाला. देवाच्या कामात खोटं कशाला? कोर्टातही "होय" म्हणाला, दंड भरला, घरी येऊन जेवला.

गावकीत दंड भरून देवीपुढे नारळ ठेवला की प्रकरण मिटतं. पुन्हा कोणी उकरलं तर उकरणाऱ्यालाच दंड. भागोजीला वाटलं, कोर्टाचंही तसंच. म्हणून नोकरीच्या फॉर्मात 'शिक्षा झाली आहे काय?' याच्यापुढे त्यानं सरळ मनानं 'नाही' लिहिलं होतं.

हेडमास्तरांनी विचारलं, "भागोजी, चोरीत शिक्षा झालीय तुला?"

"ता मिटला की गुर्जी. दंड भरलाय."

"अरे बाबा, दंड हीच शिक्षा!"

घरी त्याची बायको काशी कडाडली, "होळी गावाची नि नोकरी तुमची जातेय! जावा, वकील गाठा."

रत्नागिरीचा वकील कागद वाचून म्हणाला, "तेव्हाच कोणी वकील उभा केला असतास तर समज देऊन सोडलं असतं, नोकरीला आडवं आलं नसतं. आता अपिलाची मुदत गेली. आणि नोंद पुसायची म्हणशील तर तशी सोयच नाही."

पंधरवड्यात पत्र आलं. खोटी माहिती दिल्यामुळे सेवा समाप्त.

भागोजीनं ते दोनदा वाचलं. "गुर्जी, चोर लिवा. पन खोटारडा नको."

"पत्र वरून आलंय. मला खोडता येत नाही रे."

त्यानं किल्ल्या टेबलावर ठेवल्या.

सोमवारी तो चिरेखाणीवर गेला. मुकादमानं नावसुद्धा विचारलं नव्हतं, तोच भागोजी म्हणाला, "मला शिक्षा झालेली हाय. चोरीत."

"मग काय आरती ओवाळू?" मुकादम म्हणाला. "उचल चिरा."