शबनमचा उपास

“शबनमला खिडकीत ठेव, तिला ऊन लागतं,” असं हे मला म्हणाले आणि माजघरात वाती वळणाऱ्या सासूबाईंचे हात थांबले. हे जिंतूरच्या सरकारी शाळेत उर्दूतून शास्त्र शिकवायचे. पोरानं घरात एखादी बेगम आणली की काय, या धास्तीनं त्या सोवळ्यातच धावत आल्या. पाहतात तो मातीच्या परळात रुपयाएवढं लालसर रोपटं. पानांच्या केसांवर चिकट थेंब चमकत होते आणि दवाला उर्दूत शबनम म्हणतात, म्हणून ह्यांनी ठेवलेलं ते नाव. ओढ्याकाठच्या ओल्या मातीतून माझ्यासाठी उपटून आणलेलं.

तिचं फार करावं लागत नसे. विहिरीचं खारं पाणी तिला बाधायचं, म्हणून साठवलेलं पावसाचं पाणी परळात घालायचं. खत अजिबात नाही. सासरी येऊन वर्ष झालं होतं, पण माझी म्हणावी अशी त्या घरात तीच पहिली. माझा फार जीव होता तिच्यावर.

एक दिवस सासूबाईंना पानात गुंडाळलेलं चिलट दिसलं. मी काहीतरी थाप मारली असती, पण ह्यांनी तिथंच कीटक खाणाऱ्या वनस्पतींचा अख्खा धडा शिकवला.

“म्हंजे मांस खाती ही?” सासूबाई म्हणाल्या. “चातुर्मासात आमी कांद्याला शिवत न्हाई, अन् तुमी घरात हे पाळायलात? उचल, उकिरड्यावर टाक.”

मी म्हणाले, “आत्याबाई, ती कुणाच्या मागं धावत न्हाई. चिलटं आपल्या पायानं येतात.”

“खाती तर हाय ना?”

मला रडू येत होतं, पण डोकं ठिकाणावर होतं. मी म्हटलं, “तिला एकादशी धरायला लावते.”

यावर सासूबाई अडल्या. व्रत घेणाऱ्याला आडवं गेलं तर पाप, हे त्यांनीच मला शिकवलेलं. त्या म्हणाल्या, “धरू दे. पण उपास मोडला तर उकिरडा.”

एकादशीला पहाटेच मी परळावर धुवट मलमल बांधली. हे हसत शाळेत गेले.

दुपारी सासूबाई फराळाला बसल्या. वसमतची केळी चांगलीच पिकली होती, त्यांच्यावर चिलटांचं मोहोळ. भगरीतही ती पडायला लागली. पदरानं वारून हात दुखले तशा त्या उठल्या, खिडकीतला परळ आणला, गाठ सोडली आणि केळ्यांशेजारी ठेवला. एक चिलट लगेच चिकटलं.

मी म्हटलं, “आत्याबाई, तिचा उपास मोडला की.”

सासूबाईंनी शांतपणे भगरीचा घास घेतला.

“कशानं मोडंल? केळ्यावर पोसलेली चिलटं हायत ती. उपासाला चालतात.”