पिस्तुलाची खंडेनवमी

कित्येक युद्धांतून तावून-सुलाखून निघालेल्या लष्करी बनावटीच्या पिस्तुलाला पंचामृत चालत नाही, हा शोध जगात पहिल्यांदा वाघोलीत लागला. मी लावला.

पिस्तूल माझ्या सासऱ्यांचं, म्हणजे आबांचं. आबा फौजेतले निवृत्त सुभेदार. नोकरीत त्यांच्या कमरेला जे नाइन एमएम असायचं, त्याची ही हुबेहूब प्रतिकृती माझ्या बायकोने, सुजाताने, त्यांना पंच्याहत्तरीला भेट दिली होती. गॅसवर छर्रे मारणारी, लायसन्स न लागणारी. पण वजन, खटका, उघडून साफ करायची पद्धत, सगळं अस्सलसारखं. आबा तिला प्रतिकृती म्हणतच नसत. पिस्तूलच म्हणत.

"नव्वद वर्षांची घडण हाय ही, पाव्हणं!" ते मला ऐकवत. (माझ्या लग्नाला सतरा वर्षं झाली, मी त्यांच्याच घरात राहतो, तरी अजून 'पाव्हणं'!) "चिखलात बुडवा, वाळूत पुरा, काढा, झाडा, की काम चालू! आन् नेम म्हणाल तर माशीला इचारावं, डावा डोळा का उजवा? फकस्त साफ ठेवायचं, बास."

हे शेवटचं वाक्य मी कधी मनावर घेतलं नाही.

गेल्या हिवाळ्यात आबांना बरं नव्हतं. बरे झाले, पण उजव्या हाताला थरथर राहिली. कपातला चहा सांडायला लागला आणि ह्या माणसाने कट्ट्यावर जाणंच सोडलं. दिवसभर खिडकीत बसून रस्त्यावरच्या ट्रॅफिकला शिव्या देत. मला ते बघवत नसे. सुजाताला तर अजिबात नाही. तिनेच सोसायटीच्या चेअरमनसाहेबांना गाठलं आणि दसऱ्याच्या कार्यक्रमात फुग्यांवर नेमबाजी ठेवायला लावली. पहिला नेम आबांचा!

"न्हाई," आबा म्हणाले. "हात थरथरतोय. लोक हसतील."

"आबा, एकदाच. माझ्यासाठी."

लेकीपुढे सुभेदार हरले. अट एकच घातली. "पिस्तूल तवर पाव्हण्यांनी सांभाळायचं. माझ्या हातनं पडंल."

झालं! सतरा वर्षांत पहिल्यांदा ह्या घरात मला काहीतरी सोपवलं गेलं होतं. मी इतका भारावलो, की खंडेनवमीच्या सकाळी शस्त्रपूजा स्वतः करायची ठरवली. एरवी माझी पूजा म्हणजे लॅपटॉपला एक फूल आणि चार्जरला दुरून नमस्कार.

"बोटभर हळद-कुंकू लाव आणि ठेवून दे," सुजाता आंघोळीला जाता जाता म्हणाली.

बोटभर? फौजी माणसाच्या शस्त्राला? मी पिस्तूल ताम्हनात ठेवलं. दूध, दही, तूप, मध, साखर, सगळं यथासांग ओतलं. मनात शंका आली, नाही असं नाही. पण म्हटलं, चिखलाने बिघडत नाही ते दह्याने काय बिघडणार! वर मुठीने हळद-कुंकू वाहिलं, मूठभर अक्षता टाकल्या, पुसून, झेंडूचा हार घालून देव्हाऱ्याशेजारी ठेवलं. आबा दारातून बघून गेले. लांबून दिसला फक्त हार. "व्वा, पाव्हणं!" म्हणाले. माझी छाती फुगली!

दसऱ्याच्या सकाळी देव्हाऱ्यापासून खिडकीपर्यंत मुंग्यांची रांग! आणि रांग चालली होती थेट नळीत. शिस्तीत, एकामागून एक, संचलनासारखी!

"अगं, मुंग्यांवर काय घालतात?" मी शक्य तितक्या सहज विचारलं.

"हळद," सुजाता स्वयंपाकघरातून म्हणाली. "कुठे झाल्या?"

"कुठे नाही गं. जनरल नॉलेज."

हळद तर आधीच होती! मग मला यंत्रांना तेल लागतं हे आठवलं. घरात होतं खोबरेल. ते ओतलं. मध, हळद आणि खोबरेल एकत्र आलं की काय होतं, ते तुम्हाला सांगतो: उटणं होतं. ते कान साफ करायच्या कापसाच्या काडीने काढू गेलो, तर कापूस आतच राहिला. शेवटी बाहेरून टिश्यूने चकचकीत पुसलं आणि गप्प बसलो. माझ्या डोक्यात एकच होतं, चिखलातून निघतं म्हणजे ह्यातूनही निघेल!

संध्याकाळी पार्किंगमध्ये अख्खी सोसायटी जमली. भिंतीला वाळूची पोती, पोत्यांवर फुगे, त्यांच्या वर चेअरमनसाहेबांचा हात जोडलेला भला मोठा फ्लेक्स. आबा फौजी टोपी घालून आले, डोळ्यांना चष्मा लावला. टाळ्या वाजल्या. मी पिस्तूल दिलं. त्यांनी हात उचलला. तो थरथरत होता, सगळ्यांना दिसत होता. त्यांनी लाल फुग्यावर नेम धरला आणि खटका ओढला.

खट्.

पुन्हा ओढला. फुस्स!

"हात थरथरतोय ना बिचाऱ्यांचा," मागून कुणी तरी हळहळलं. "जमत नसेल आता."

आबांनी ते ऐकलं. त्यांचा हात खाली आला, मान खाली गेली. गप्प बसलो असतो तर वाचलो असतो, पण ती मान बघवेना.

"हाताचा दोष नाही!" मी ओरडलो. माझ्याच आवाजाने मी दचकलो. "मी त्याला पंचामृताने आंघोळ घातलीय!"

अख्खी सोसायटी पिस्तुलाकडे बघायला लागली. त्याच वेळी नळीतून एक मुंगी बाहेर आली, इकडेतिकडे बघून परत आत गेली.

"नैवेद्य दाखवलात की राहिला?" चेअरमनसाहेबांनी थंडपणे विचारलं.

आबांनी पिस्तूल नाकाशी नेलं. "खोबरेल?"

"मुंग्यांसाठी, आबा."

मी शिव्यांची वाट बघत होतो. पण आबांनी खुर्ची ओढली, मांडीवर टॉवेल पसरला आणि त्यांचा आवाज एकदम चढला. "गरम पाणी! जुना ब्रश! शिलाई मशीनचं तेल! पळा, पाव्हणं!"

पळालो! आणून ठेवतो तर आबांनी मॅगझीन काढलं, आत एकही छर्रा राहिला नाही ना ते बघितलं, वरचा भाग मागे ओढला, खिट्टी काढली, स्प्रिंग, नळी, सगळं ओळीने टॉवेलवर. बघत होते समोरच्या पोरांकडे आणि त्यांना सांगत होते, कुठला भाग काय करतो. हात अजून थरथरत होता. पण ज्या भागाकडे जायचं, त्याच भागाकडे जात होता! सुजाता माझा दंड घट्ट धरून उभी होती. तिचे डोळे भरले होते. माझेही. (खोबरेलाचा हात लागला होता, असं मी नंतर सांगितलं.)

आबांनी सगळं पुसलं, तेलाचा थेंब दिला, जोडलं आणि उभे राहिले.

फट्! लाल फुगा गेला. फट्! पिवळा गेला. तिसरा हुकला. आबा मोठ्याने हसले, "हुकंना का!" आणि चौथा फोडला. पार्किंग दणाणून गेलं. कुणी तरी चहा आणला. आबांनी सगळ्यांसमोर कप घेतला, थोडा बशीत सांडला, बशीतला आधी प्यायले.

मग ते माझ्याकडे वळले. "आता तुमी, पाव्हणं."

मी डोळे बारीक केले, श्वास रोखला, खटका ओढला. फुगे जिथल्या तिथे. फ्लेक्सवर चेअरमनसाहेबांच्या नाकाला तिसरी नाकपुडी!

"नेम चुकला म्हणायचा, का लागला?" साहेबांनी विचारलं.

"चुकला! चुकला, साहेब! पिस्तुलातच काही तरी..."

"पिस्तूल बराबर हाय," आबा म्हणाले. "आत्ताच साफ केलंय."

तेव्हापासून दर रविवारी आबा कट्ट्यावर बसून पिस्तूल उघडतात. भोवती पोरं, शेजारी सांडता चहा. मदतनीस म्हणून मलाही नेतात. मोठ्या जबाबदारीचं काम आहे माझ्याकडे: फडकं धरायचं. आधी ते फडकं आबा स्वतः हुंगून बघतात.