मधले अंक

भाची खिडकीत बसून माझं सुपरहिरोचं कॉमिक वाचत होती. एकदम टाळ्या पिटायला लागली. मेलेला हिरो या अंकात परत आला होता.

मी वैतागून म्हणालो, "असा कसा आला? ते कळायला आता दुसऱ्याच तीन हिरोंचे अंक शोधत बसायचं! नुसता गोंधळ घालून ठेवलाय."

तिनं मान वर केली. "पण मामा, आला ना तो?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सहा वर्षांनी माझा धाकटा भाऊ दारात उभा राहिला, तेव्हाही मी आधी मधलंच सगळं विचारत बसलो होतो. कुठे होतास, कुणाकडे राहिलास, एक फोन का नाही केलास? तो उंबऱ्याबाहेरूनच एकेक सांगत होता. शेवटी पाणीसुद्धा त्याला मागून घ्यावं लागलं.