दीड स्पेस

कसालच्या टायपिंग क्लासात आमच्या मास्तरांचं सगळं लक्ष दोन ओळींमधल्या जागेवर असे. इंग्रजीला सिंगल स्पेस चालते. मराठीत वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. माझा कागद उजेडाकडे धरून ते म्हणत, "गो बाये, वयल्या ओळीचे पाय खालच्या ओळीच्या टकलेर पडले मा! सरकारी कागद तो, जत्रेतली गर्दी न्हय." म्हणून मराठी नेहमी दीड स्पेसवर आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखी.

जिल्हा नवा झाला होता, कचेऱ्यांत टायपिस्ट हवे होते. मी अर्ज केला तेव्हा वयाची मर्यादा संपायला थोडेच महिने उरले होते. म्हणजे संधी ही एकच.

चाचणीच्या दिवशी समोर आलेल्या मशीनवर आधी दोन ओळी मारून पाहिल्या. ओळ बदलायचा लिव्हर ओढला की कागद धरणारा रूळ कधी एक खाच फिरे, कधी चार. मी हात वर केला. चाचणी घेणारे साहेब आले, त्यांनीही लिव्हर ओढून पाहिला.

"दुसरं मशीन नाही. पुढच्या चाचणीला बसा, बाई."

"मी बसेन हो, पण माझं वय बसायचं नाही."

ते हसले नाहीत, पण उठवलंही नाही.

शेजारची मुलगी कुजबुजली, "वयनी, तशाच मारा. ओळी बघूक कोणाक वेळ आसा?"

मला माहीत होतं, पहिल्यांदा ओळीच बघतात.

दीड स्पेस म्हणजे रुळाच्या तीन खाचा. लिव्हरला हातच लावायचा नाही असं ठरवलं. ओळ संपली की डाव्या हाताने रुळाची मूठ धरून रुळासकट गाडी पुन्हा उजवीकडे ढकलायची आणि तीच मूठ तीन खाचा फिरवायची. इतर मशीनांच्या खडखडाटात खाचांचा आवाज ऐकू येईना, तेव्हा बोटांना लागेल तो धक्का मोजायचा. मधे एकदा हिशेब चुकला, अंतर जास्त पडलं. वेळ जात होता, तरी रूळ एक खाच मागे घेतला आणि मगच पुढची ओळ मारली. शेवटचा पूर्णविराम आणि वेळ संपल्याची घंटा एकदमच.

साहेबांनी कागदावर पट्टी ठेवली, वरपासून खालपर्यंत सरकवली.

"लिव्हर सुरू झाला वाटतं?"

"नाही. रूळ हाताने फिरवला."

त्यांनी शेरा लिहिला आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

यादीत माझं नाव लागलं. रुजू झाले, तर टेबलावर तेच मशीन. साहेब म्हणाले, "तुम्हाला याची सवय आहे."

"एकदा जमवलं, साहेब. रोज जमवणार नाही. दुरुस्त होईपर्यंत दुसरं द्या."

दुपारपर्यंत दुसरं आलं.