अव्वाची मूठ

हैदराबादहून नांदेडला येणाऱ्या त्या छोट्या विमानात अप्पा-अव्वांना, म्हणजे माझ्या आईवडिलांना, मीच हौसेनं बसवलं होतं. पंख्यांचं विमान, एस्टीपेक्षाही लहान वाटावं असं. अव्वा खिडकीशी, मधल्या वाटेच्या अलीकडे अप्पा आणि पलीकडे मी.

आम्ही लिंगायत. लहानपणी गळ्यात बांधलेलं इष्टलिंग मरेपर्यंत अंगावेगळं करायचं नाही. सकाळी ते तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. अप्पांचं लातूरला डाळीचं दुकान, पण खरा धंदा लोकांना या बाबतीत झापायचा. एका भाचीनं एक्स-रे काढताना लिंग उतरवलं, तर तिच्याशी ते महिनाभर बोलले नव्हते. अव्वानं मध्ये तोंड घातलं की ठरलेलं उत्तर, "तुला काय कळतंय?"

नांदेड जवळ आलं आणि विमान गोदावरीवर घिरट्या घालू लागलं. डावीकडचं चाक बाहेर येत नव्हतं. हवाईसुंदरीनं सगळ्यांना चष्मे, पेनं आणि गळ्यातलं जे असेल ते काढून समोरच्या खिशात ठेवायला सांगितलं. अप्पांनी एका झटक्यात चांदीच्या डबीतलं लिंग दोऱ्यासकट डोक्यावरून काढलं आणि खिशात टाकलं. अव्वाची मूठ मात्र छातीशी गच्च आवळलेली होती. अप्पांनी ती पाहिली आणि मान खाली घातली.

विमान एका अंगावर कललं, कर्कश घासत गेलं आणि धावपट्टीच्या कडेच्या गवतात थांबलं. कुणाला खरचटलं, कुणाला मुका मार, पण सगळे जिवंत. सामान तिथंच सोडून आम्हाला बाहेर पळवलं. गवतात उभं राहिल्यावर अप्पांचा हात छातीवर गेला.

"लिंग इमानात राहिलं," म्हणाले.

मी पाण्याची बाटली पुढं केली, पण लिंग अंगावर नाही म्हणून ती त्यांनी सरकवली. दिवसभर विमानतळावर ते उपाशी, कोरडे बसून होते. संध्याकाळी एका कर्मचाऱ्यानं डबी आणून दिली, तेव्हा दोन्ही हातांनी घेतली आणि लहान पोरासारखे रडले.

आमचे गुरू, चाकूरचे स्वामी, यांनी पुन्हा विधी करून लिंग बांधलं, जिवावरचा प्रसंग होता, दोष लागत नाही, असं दहादा समजावलं. अप्पांना ते पटलं नाही. त्या दिवसापासून प्रायश्चित्त म्हणून ते एकवेळच, दुपारचं, जेवायला लागले. कुणाला झापणं तर बंदच. पूजेला बसताना बेलाची परडी अव्वाकडे सरकवायचे, "आधी तू." आल्यागेल्याला सांगायचे, "जीव जायची येळ आली होती, तरी हिनं न्हाई सोडलं. मी सोडलं." घर शांत झालं. मला तर सुरुवातीला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू? पण माणूस आतून वाळत चालला होता.

गेल्या वर्षी अप्पा गेले. तेराव्या दिवशी पाहुणे पांगल्यावर मी अव्वाला म्हणाले, "तुझ्यासारखा धीर अप्पांना नव्हता गं."



"कशाचा धीर? मी बी सोडायलाच बघत होते," ती म्हणाली. "निघायच्या आदल्या दिवशी दोरा नवा घातला होता, गळ्याशी आखूड. डोक्यावरून निघंना अन् गाठ सुटंना. शेवटी तसंच मुठीत धरून बसले."

"मग अप्पांना कधी सांगितलं का नाहीस?"

"साऱ्या जन्मात पैल्यांदा 'आधी तू' म्हणले होते गं. आज सांगीन, उद्या सांगीन करत राहिले." तिनं पदर तोंडाशी धरला. "सांगितलं असतं, तर रातचे दोन घास तरी खाऊन गेले असते."