एका पट्टीची जागा

"आधी खांदो बघूचो, मगे तोंड." गणवेशातला कोणीही रस्त्याने चालला की काका असं म्हणत आणि खरोखरच त्याच्या खांद्याकडे बघत. पोस्टमन असो, पोलीस असो, कस्टमचा शिपाई असो. हुद्दा नीट वाचून झाला की मग नजर वर जायची आणि चौकशी व्हायची, "काय रे, बरो मां?"

मालवणच्या बाजारात माझं शिवणाचं दुकान होतं. काका मुंबईच्या आगीच्या बंबावर उभी हयात काढून पेन्शनीत गावी आलेले. घरी वाट बघणारं कोणी नाही, म्हणून दिवस माझ्या बाकावर. बाजार त्यांना 'बंबवालो' म्हणायचा. त्या एका शब्दात साधा शिपाईही बसतो आणि साहेबही, हेच त्यांचं दुखणं होतं.

हे खांद्याचं खूळ कुठून लागलं, असं मी एकदा विचारलं.

"धुरात सगळ्यांची तोंडां काळी रे," ते म्हणाले. "हुकूम कोणाचो ऐकूचो? खांद्यार पट्टी दिसली काय त्याच्या मागसून जावचा."

ख्रिश्चनवाड्यातल्या एका लग्नाला बँड आला होता. बँडमास्तरच्या खांद्यावर सोनेरी झालरी लोंबत होत्या. काकांनी बराच वेळ त्या न्याहाळल्या.

"हेच्या खांद्यार आमच्या मोठ्या सायबापेक्षा सोना जास्त आसा," ते मला म्हणाले. "पण आग लागली तर पयलो होच पळतलो."

त्यांचा स्वतःचा कोट जाड काळ्या लोकरीचा, पितळी बटणांच्या दोन रांगा असलेला. टोपीवरचा बिल्ला, पट्ट्यावरचा नंबर, सगळं नोकरी सुटताना परत करावं लागलं. खांद्यावरची आडवी पट्टीही गेली. पण कोट उन्हाने विटला तरी पट्टीखालचं कापड काळंभोर राहिलं होतं. त्या काळ्या चौकटीच्या कडेला तांबड्या दोऱ्याचे तुकडे अडकलेले असत. बढती मिळाली तेव्हा ते रजेवर गावी आले होते, आणि काकीने घरात होता त्या दोऱ्याने पट्टी शिवून दिली होती.

"सायब वरडलो, काळो दोरो घाल म्हणून. मी काय उसवूक नाय," काका म्हणाले. "शेवटाक मीच उसवलंय. परत करूची होती मां." तोवर काकी गेली होती.

दर पावसाळ्यानंतर कोटाला बुरशी यायची आणि तो माझ्याकडे यायचा. "घास, झटक, काय व्हया ता कर. तांबडे दोरे तेवढे काढू नको." मी एकदा म्हटलं, नवी पट्टी लावून देतो, फुकट. ते केवढ्याने तरी माझ्यावर खेकसले. मग जरा वेळाने हळूच म्हणाले, "जेका कळता, तो नुसती खूण बघून वळाखतलो."

तो 'जेका कळता' मुंबईच्या बोटीतून उतरेल, असं त्यांनी धरलं होतं. बोटीच्या दिवशी भर उन्हात कोट घालून, बटणं लावून ते धक्क्यावर उभे राहत. चाकरमानी बोटीवरून धक्क्याला आणणाऱ्या पडावातून उतरायचे, आपापल्या माणसांना शोधायचे. पितळी बटणं बघून त्यांना वाटे, हा बोटीचाच माणूस.

"ओ, माझी ट्रंक खंय गेली? असे उभे काय ऱ्हवल्यात?" एक बाई त्यांच्यावर चक्क डाफरली. काकांनी निमूटपणे पडावात शिरून तिची ट्रंक काढून दिली. बाईने खांद्याकडे पाहिलंच नाही. माझ्या बाकावर परत आले तेव्हा कॉलर घामाने भिजलेली होती.

"काकानू, कित्याक जातात?" मी वैतागून विचारलं.

"कोण तरी येयत रे," ते म्हणाले. मी मशीन जोरात चालवलं.

शेवटच्या पावसाळ्यात त्यांची छाती भरली. कोट आधीच माझ्याकडे आलेला, अस्तर सडलं होतं. मी नवं अस्तर लावलं, दोरे जपले, आणि तो खुंटीवर अडकवून ठेवला. न्यायला ते आलेच नाहीत. शेजाऱ्यांनी आणि मी मिळून त्यांना स्मशानात पोचवलं.

पाऊस सरला, बोटी सुरू झाल्या. बोटीच्या दिवशी दुपारी एक धट्टाकट्टा चाकरमानी लेंग्याचं माप द्यायला आला. मी टेप घेऊन वाकलो, तर गडी हलेना. कोटाच्या खांद्याकडे बघत होता. मग त्याने टाचा जुळवल्या आणि हात कपाळाला नेला.

"लीडिंग फायरमन," तो म्हणाला. "मी पण बंबारच आसंय."

मग त्याने तोंड बघायला नजर वर केली. कॉलरच्या वर माझी लाकडाची खुंटी होती.

"खंय आसत ते?" त्याने विचारलं.